पडदा जागेवर आहे का?

माझं माहेर चारठाणा. जिंतूरहून मंठ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, जुन्या हेमाडपंती देवळांचं आणि बारवांचं गाव. सासर जालन्याचं. गेली बावीस वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम करते. त्यातली सोळा वर्षं डोळ्याच्या सोनोग्राफीच्या यंत्रावर गेली. आम्ही त्याला बी-स्कॅन म्हणतो. अहवालावर सही डॉक्टरांची असते, पण पेशंटच्या पापणीवर यंत्राचा दांडा धरून बसलेला हात माझा असतो, आणि घाबरलेल्या माणसाचा पहिला प्रश्नही मलाच येतो. परभणी, जालना, हिंगोलीकडची शुगरची माणसं या खुर्चीत किती बसली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. त्यांच्याकडून आणि माझ्या वडिलांकडून जे शिकले, ते इथं लिहिते आहे.

१. आधी शब्दाची भीती घालवावी

आमच्या भागात सोनोग्राफी म्हटलं की पोटुशी बाई आठवते. प्रत्येक सेंटरच्या दारावर गर्भलिंग तपासणी होत नाही असा बोर्ड लटकत असतो, त्यामुळं दुसरा अर्थ मनात येतच नाही. सत्तरीच्या मावशींना लेक सांगतो, ‘माय, तुझी सोनोग्राफी करायची’, तशा त्या पदर सावरून खुर्चीतून उठायलाच लागतात. मग मी त्यांचा हात धरते आणि आमच्या बारवेची गोष्ट सांगते. लहानपणी आम्ही बारवेच्या पायऱ्या उतरून हाक मारायचो. समोरच्या दगडावरून हाक परत यायची. भिंत जवळ असली की लगेच, लांब असली की जरा उशिरा. हे यंत्र तेच करतं. डोळ्यात हाक घालतं आणि ती कुठून, किती वेळानं, किती जोरात परतली त्यावरून आतलं चित्र काढतं.

ही हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. डोळ्याच्या सोनोग्राफीत साधारण एक कोटी कंपनं असतात. पोटाच्या यंत्रापेक्षा ही संख्या बरीच जास्त आहे. आवाज जितका बारीक तितकं चित्र रेखीव, पण तो खोल जात नाही. डोळा असतो जेमतेम चोवीस मिलिमीटरचा, त्याला खोलीची गरजच नसते. डोळ्यात भरलेल्या जेलीतून आवाज सेकंदाला सुमारे १,५३० मीटर वेगानं जातो, म्हणजे मागच्या भिंतीला धडकून परतायला त्याला सेकंदाचा तीस-पस्तीस हजारावा हिस्सा पुरतो.

पेशंटला एवढा हिशोब नको असतो. त्याला एवढंच हवं असतं : डोळा मिटलेलाच राहील, पापणीवर गार जेल लागेल, दुखणार नाही, किरणं नाहीत, उपाशीपोटी यायची गरज नाही, पाच-दहा मिनिटांत मोकळं. हे आधी सांगितलं की माणूस डोळा आवळून धरत नाही. आवळलेल्या डोळ्याचं चित्र नीट येत नाही, म्हणून हे सांगणंही मी तपासणीतच धरते.

२. हे यंत्र उशिरा आलेल्यांसाठी आहे

शुगरच्या पेशंटचा पडदा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा रेटिना, बघायची पहिली पद्धत ही नव्हेच. बाहुली मोठी करून डॉक्टर आत बघतात, फोटो काढतात, ओसीटी करतात. ते सगळं उजेडाचं काम आहे आणि सोनोग्राफीपेक्षा किती तरी बारीक आहे. ओसीटीत पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात, मधल्या भागावरची सूज दिसते. आमच्या यंत्रात ती बारीक सूज दिसत नाही.

पण आत रक्त भरलं किंवा मोतीबिंदू पांढराफटक पिकला की उजेड अडतो. तिथून पुढं फक्त आवाज जातो. माझ्या खुर्चीत शुगरचा पेशंट बसला याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की त्याच्या डोळ्याची खिडकी उघडी असताना कुणी आत डोकावलं नव्हतं. रोजचं काम असूनही ही गोष्ट माझ्या अंगवळणी पडलेली नाही.

३. रक्त एका दिवसात उतरतं, पण त्याची तयारी वर्षं चालते

चारठाण्याच्या जुन्या बांधकामात दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवतो. आधी दोन पानं दिसतात. कुणी उपटत नाही. मुळं सांध्यात शिरतात, जाड होतात आणि सात-आठशे वर्षं हललेला नव्हता तो चिरा एक दिवस पुढं आलेला दिसतो.

शुगरच्या डोळ्यात असंच होतं. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं साखरेनं खराब होतात, काही बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा जणू हाका मारतो आणि त्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या उगवतात. पण त्या नको तिथं, नको तशा उगवतात. पडद्यातून बाहेर येऊन डोळ्यातल्या जेलीच्या मागच्या पापुद्र्याला धरून चढतात. फार नाजूक असतात. पुढं ती जेली आकसते, पापुद्रा ओढला जातो, वाहिनी तुटते आणि रक्त सांडतं. त्यांच्या सोबतीनं चिवट पट्टे तयार झालेले असतील तर ओढ थेट पडद्याला बसते आणि पडदा भिंतीवरून उचलला जातो.

पेशंट याला वेगवेगळी नावं देतात. ‘डोळ्यापुढं माशा उडायल्यात’, ‘काजळी उतरली’, ‘कोळ्याचं जाळं आलं’, ‘लाल पाणी फिरतंय’. हे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहायची मी स्वतःला सवय लावली आहे. आधी काजळीचे धागे आणि मग सगळं धूसर, असं सांगितलं की रक्ताची शंका येते. काळा पडदा एका बाजूनं सरकत आला असं सांगितलं की पाठीत थंडी भरते.

४. थांबणं चूक नाही, न बघता थांबणं चूक

हा धडा मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिला. त्याची किंमत त्यांच्या उजव्या डोळ्यानं मोजली.

आबांना चौदा वर्षांपासून शुगर होती. गोळ्या घ्यायचे, पण कापसाच्या दिवसांत एखादी चुकायची. डोळ्याची तपासणी त्यांनी कधी केली नव्हती, कारण त्यांना ‘चांगलं दिसत होतं’. मी याच कामात असून मीही कधी हट्ट धरला नव्हता. कार्तिकात एका सकाळी त्यांना उजव्या डोळ्यापुढं काळे धागे दिसले. संध्याकाळपर्यंत सगळं तांबूस झालं. एका डॉक्टरांनी बघून सांगितलं की आत रक्त आहे, आपोआप विरघळेल, महिना-दोन महिने वाट बघा.

आबांनी मला फोन केला. माझा धाकटा तेव्हा तीन महिन्यांचा होता, मी रजेवर होते. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाले. दुसऱ्या डोळ्यानं दिसतंय? दिसतंय. मग मीच म्हणाले, कापसाची वेचणी होऊ द्या, मग या. डॉक्टरांनी थांबा सांगितलं होतं आणि लेकीनंही थांबा सांगितलं. आबा थांबले. संक्रांत झाली, तूर झाली. फाल्गुनात ते आले.

त्या दिवशी यंत्रावर मीच होते. जेल लावलं, दांडा ठेवला. यंत्राच्या काळ्या स्क्रीनवर पांढरी रेघ उमटली : मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरती, खाली डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी बांधलेली. जत्रेत राहुटी ठोकतात तशी. मी आबांना डोळा इकडं-तिकडं हलवायला सांगितला. ती रेघ हलली नाही. ओढून ताठ झालेला पडदा हलत नाही. मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, माणसाचं तोंड ओळखतो, तो भिंतीपासून सुटलेला होता. किती दिवसांपासून, हे यंत्र सांगत नाही.

शस्त्रक्रिया झाली. आतली जेली आणि रक्त काढलं, चिवट पट्टे कापून सोडवले, पडदा परत बसवला. उजव्या डोळ्यानं आबांना आता हाताभर अंतरावरची बोटं मोजता येतात. त्यापलीकडं नाही.

पुढं मी यावर जेवढं वाचलं आणि आमच्या डॉक्टरांकडून जेवढं समजून घेतलं, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘रक्त आपोआप विरघळेल’ हा सल्ला खोटा नव्हता. बऱ्याच डोळ्यांत ते खरंच विरतं. उशी उंच करून झोपलं तर रक्त खाली बसायला मदत होते. पण त्या सल्ल्याचा अर्धा भाग राहून गेला होता : आधी सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे हे बघायचं आणि थांबलो तर डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा पुन्हा बघत राहायचं. पडदा जागेवर असेल तर थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. मधल्या भागावर ओढ आली असेल तर गेलेला प्रत्येक आठवडा नजरेतून वजा होतो. बाहेरून हे दोन्ही प्रकारचे डोळे सारखेच दिसतात. पेशंटलाही दोन्हीत सारखाच अंधार दिसतो. फरक फक्त आवाजाला कळतो.

आणि दुखत नव्हतं, या एका गोष्टीवर मी किती विसंबले! पडद्याला वेदना नाही. तो सुटतो तेव्हा आवाज होत नाही, कळ येत नाही. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न मी त्यानंतर निर्णयासाठी कधी वापरला नाही.

५. चित्र एक नसतं, ते हलतं असतं

दुसऱ्या गावाहून लोक सोनोग्राफीचा कागदावरचा एक फोटो घेऊन येतात आणि विचारतात, ‘यात बघून सांगा.’ एका फोटोवरून सांगता येत नाही. ही तपासणी हलत्या डोळ्याची आहे.

आम्ही पेशंटला सांगतो, वर बघा, खाली बघा, नाकाकडं, कानाकडं. प्रत्येक दिशेला दांडा उभा आणि आडवा धरून कापा घेतो, कलिंगडाच्या फोडी कराव्या तशा. यंत्राला आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं, त्याला गेन म्हणतात. तो वाढवला की जेलीत विखुरलेलं पातळ रक्त रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसायला लागतं. अगदी ताजं, न गोठलेलं रक्त तर एवढं हलकं असतं की गेन न वाढवता बघितलं तर डोळा स्वच्छ वाटावा. मग गेन हळूहळू उतरवायचा. कमजोर गोष्टी एकेक करून विझत जातात. पडदा जाड आणि घट्ट असल्यानं तो शेवटपर्यंत चमकत राहतो.

त्यानंतरची गंमत खरी शिकण्यासारखी. डोळा झटकन डावीकडं, झटकन उजवीकडं, आता स्थिर. डोळा थांबला तरी आतलं थांबत नाही. रक्त रांजणातल्या गाळासारखं गरगरतं. जेलीचा सुटलेला पापुद्रा दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा मोकळा झुलतो. छिद्र पडून सुटलेला पडदा जड लाटेसारखा हलतो. ओढीनं उचललेला पडदा हलतच नाही. चार गोष्टी, चार चाली. फोटोत त्या चारही जवळजवळ सारख्याच पांढऱ्या रेघा असतात.

हे शास्त्र फार जुनं नाही. १९५६ साली अमेरिकेत मंट आणि ह्यूजेस यांनी डोळ्यासाठी पहिल्यांदा असा आवाज वापरला, तेव्हा चित्र मिळत नव्हतं, नुसते उंच-बुटके उभे काटे मिळायचे. १९५८ मध्ये बॉम आणि ग्रीनवुड यांनी चित्र मिळवलं, पण त्यासाठी डोळ्यापुढं पाणी धरावं लागे. पापणीवर सरळ टेकवता येणारी यंत्रं १९७०च्या दशकात आली. आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळा बंद ठेवून, बारीक छिद्रांतून आतली जेली काढायची शस्त्रक्रिया पुढं आणली. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आलं हे बरं झालं. आत काय आहे ते कळलं असतं आणि करायला काहीच नसतं, तर त्या कळण्याचं काय करायचं?

६. जास्त चमकतं ते जास्त वाईट नाही

नवी असताना एका गुरुजींची तपासणी करताना मी घाबरले होते. त्यांच्या डोळ्यात आभाळभर चांदण्या फुटाव्यात तसे शेकडो लखलखीत ठिपके होते आणि डोळा हलला की ते झुंडीनं हलायचे. मला वाटलं, केवढं हे रक्त! पण गुरुजींना तक्ता शेवटच्या दोन ओळी सोडून सगळा वाचता येत होता. ते रक्त नव्हतं. जेलीत चुन्याचे आणि चरबीचे कण जमतात, त्याला ॲस्टेरॉइड हायलोसिस म्हणतात. यंत्र त्यानं झगमगतं, माणसाची नजर सहसा अडत नाही. फार तर डॉक्टरांना आतलं बघायला अडचण होते.

याच्या उलटं घडतं ते दुखावणारं असतं. सेलूकडची एक बाई आली होती, माझ्याच वयाची. रक्त उतरलं होतं, पण पडदा चारही दिशांना नीट बसलेला. मी खुशीत सांगितलं, ‘ताई, पडदा जागेवर आहे.’ तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याचा अर्थ घेतला की आता दिसणार. रक्त निघालं, आत उजेड गेला, फोटो काढले, तेव्हा कळलं की पडद्याच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. भिंत उभी होती, पण पाण्याचा पाट कधीच आटलेला. तिची नजर फारशी परत आली नाही. तिनं मला विचारलं, ‘तुम्ही तर म्हणला होता ना?’

मी म्हटलं होतं ते खरं होतं आणि तरी चुकीचं होतं. तेव्हापासून मी त्या वाक्याला दुसरं वाक्य जोडते : पडदा जागेवर आहे, पण त्याची ताकद किती उरली आहे ते या तपासणीत कळत नाही. सोनोग्राफी डोळ्याचा आकार सांगते. किती दिसेल याचं वचन तिच्याकडं नाही.

७. बॅटरीचा उजेड

म्हणूनच लाखोंच्या यंत्राशेजारी माझ्या टेबलावर साधी बॅटरी असते. रक्तानं भरलेल्या डोळ्याला अक्षरं वाचता येत नाहीत, पण उजेड कळतो का? कुठून येतो ते कळतं का, वरून, खालून, नाकाकडून? एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उजेड फिरवला तर बाहुली नीट आकसते का? नुसतं रक्त असेल तर बाहुलीचा हा प्रतिसाद सहसा बिघडत नाही. तो बिघडला असेल तर मागं पडद्याची किंवा नसेची मोठी भानगड आहे. हे केसपेपरवर लिहिलेलं नसेल तर मी दांडा उचलण्याआधी पेशंटला परत आत पाठवते. त्यावरून कधी कधी माझ्यावर चिडचिड होते. होऊ दे.

८. ‘खात्री नाही’ लिहायला शिकावं

जाड झालेला पापुद्रा आणि सुटलेला पडदा कधी कधी ओळखता येत नाही. नसेच्या तोंडाशी दोन्ही चिकटलेले असतात, रक्त बसल्यानं दोन्ही जाड झालेले असतात. तिथं मी अंदाजाला निदानाचे कपडे घालत नाही. ‘ठामपणे सांगता येत नाही, पुन्हा तपासावं’ असं लिहून डॉक्टरांना बोलावते. सुरुवातीला याची लाज वाटायची.

हे एवढ्यासाठी महत्त्वाचं की पुढचा उपचार या ओळीवर ठरतो. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, नव्या रक्तवाहिन्या त्यानं सुकतात. २०२० साली अमेरिकेतल्या एका तुलनेत, शुगरनं रक्त उतरलेल्या डोळ्यांत इंजेक्शननं सुरुवात करणं आणि लेझरसह शस्त्रक्रियेनं सुरुवात करणं, या दोहोंत सहा महिन्यांच्या आसपास सरासरी नजर जवळपास सारखीच निघाली. शस्त्रक्रियेनं रक्त लवकर साफ झालं, आणि इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना दोन वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण आत चिवट पट्ट्यांची ओढ असताना इंजेक्शन दिलं तर वाहिन्या सुकताना ते पट्टे आणखी आवळून पडदा उचलला जाण्याचा धोका असतो. सुईच्या आधी आवाजानं आत बघून घ्यायचं ते यासाठी.

एक छोटी गोष्ट इथंच सांगते. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो जाईपर्यंत सोनोग्राफीत काही दिसत नाही, आवाज वायूला ओलांडत नाही. सिलिकॉनचं तेल भरलं असेल तर त्यात आवाज मंद चालतो आणि डोळा आहे त्यापेक्षा लांबट दिसतो. पेशंटनं आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद आणला नाही तर तंत्रज्ञ फसतो. कागद जपून ठेवा, आणि येताना सोबत घेऊन या.

९. पांढऱ्या मोतीबिंदूमागं काय आहे?

लातूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी खेडोपाडी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर लोकांचा विश्वास बसवला, हे मराठवाड्यावर मोठं ऋण आहे. त्या विश्वासाच्या जोरावर आजही म्हातारी माणसं शिबिराच्या गाडीत निर्धास्त बसतात. पण प्रत्येक अंधार मोतीबिंदूचा नसतो. शुगरचा जुना पेशंट आणि पिकलेला मोतीबिंदू असं जोडीनं आलं तर मागचा पडदा कुणालाच दिसत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेआधी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. मागं पडदा सुटलेला असेल तर भिंग बसवून नजर येणार नाही, आणि हे आधी सांगणं व नंतर सांगणं यात घरच्यांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक असतो. आमच्या ओळखीतल्या एका घरात ते नंतर कळलं. त्या आजी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की ऑपरेशननं डोळा गेला.

१०. घरातल्या घरात बंद झालेल्या गोळ्या

डोळ्यात रक्त उतरलं की घरात पहिली बंद होते ती हृदयाची ‘रक्त पातळ करायची’ गोळी. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पिशवीतली औषधं टेबलावर मांडायला लावते. ॲस्पिरिनबाबत मोठा अभ्यास होऊन गेला आहे. शुगरच्या पेशंटमध्ये त्यानं डोळ्यातला रक्तस्राव वाढलेला आढळला नाही. इतर गोळ्यांचं हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. डोळा वाचवताना झटका यायला नको. रक्तदाब, मूत्रपिंडाची तपासणी, हिमोग्लोबिन हेही याच वेळी बघायला सांगते, कारण पडद्याच्या वाहिन्यांचं जे झालं तेच बाकीच्या बारीक वाहिन्यांचंही होत असतं. ब्रिटनमधल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाचा हा निष्कर्ष २००० साली आला : तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, एक टक्क्यानं कमी असेल तर बारीक वाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी. मी हा आकडा पेशंटना सांगते. लोकांना आकडा पटतो.

आणि लेझर. ‘लेझर केलं आणि तरी दिसंना’ अशी तक्रार रोजची आहे. लेझर नजर वाढवायला नसतोच. पडद्याच्या कडेच्या भागाला डाग देऊन नव्या वाहिन्यांची भूक मारायची, मधला भाग वाचवायचा. अमेरिकेतल्या १९७०च्या दशकातल्या अभ्यासानं दाखवलं की धोक्याच्या अवस्थेतल्या डोळ्यांत त्यानं नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. आबांचा डावा डोळा लेझरवरच टिकला आहे.

११. दुसरा डोळा कधी दाखवला?

सोनोग्राफी झाली, जेल पुसलं की मी प्रत्येकाला हे विचारते. रक्त उतरलेल्या डोळ्याकडं सगळं घर बघत असतं. ज्यानं दिसतंय त्याच्याकडं कुणी बघत नाही, आणि त्यातही तीच मुळं सांध्यात शिरलेली असतात. आबांच्या उजव्या डोळ्याच्या धावपळीत डाव्या डोळ्याची तपासणी आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी केली. त्यात नव्या वाहिन्या होत्या, अजून रक्त सांडलं नव्हतं. आबांना त्या डोळ्यानं काहीच त्रास नव्हता. आज त्याची नजर ६/१२ आहे. ते पेपर वाचतात, बारवेच्या पायऱ्या काठी टेकत उतरतात, मात्र पायरीची उंची त्यांना पटकन कळत नाही, म्हणून दादा सोबत असतो.

मोठेपणी होणारी शुगर निघाली की त्याच वर्षी पडदा तपासायचा, मग दरवर्षी. लहानपणापासूनची शुगर असेल तर पाच वर्षांनी सुरुवात. शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तिमाहीतच. आमच्या भागात त्यासाठी मुंबई-पुणे गाठावं लागत नाही. जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं. लोक आधी कर्ज काढतात आणि नंतर विचारतात.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा ओसरीवर वही घेऊन बसले. आमच्या भावकीत शुगर कुणाकुणाला आहे, किती वर्षांची, पडदा कधी तपासला, असे तीन रकाने पाडले. अकरा नावं निघाली. तिसऱ्या रकान्यात आबांशिवाय एकाच्याही पुढं तारीख नव्हती. आई एकेक नाव सांगत होती आणि आबा शेजारी बसून डाव्या डोळ्यानं माझं अक्षर वाचून बघत होते. त्यातले सात जण आतापर्यंत तपासून झाले. मोठ्या वहिनीच्या पडद्यावर सुरुवात दिसली, तिचं औषध बदललं, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. तीन जण उरलेत. त्यातला एक माझा चुलत भाऊ, शुगर नऊ वर्षांची, म्हणतो मला सगळं दिसतं. हरभऱ्याची पेरणी आटोपली की येतो म्हणालाय. सोमवारी मी त्याला परत फोन करणार आहे.